तिठ्यावरचं कार्ड

अन्याय झाला तो माझ्या चुलत बहिणीवर. वय वर्षं नऊ. कधी, तर यंदाच्या गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला.

गणपतीला आलेल्या पाहुण्यांच्या मुलाने जाताना तिला खेळातलं एक कार्ड दिलं. त्यावर स्कंकसारखा प्राणी: काळा, पाठीवर पांढरा पट्टा, शेपूट वर, मान वळवून आपल्याकडे बघणारा. दुर्गंध सोडून समोरच्याला गारद करायचं, ही त्याची खेळातली ताकद. ती तिने कौतुकाने घरभर सांगितली. आणि त्याच संध्याकाळी माजघरात वास आला. सडका कांदा, त्यात जळकं रबर.

वास होता. मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटते म्हणून खोटं लिहिणार नाही. माळा पाहिला, गॅस तपासला, विहिरीत वाकून पाहिलं. काही सापडलं नाही.

"ह्या काय हाडलंस गो घरात?" काकांनी त्या कार्डाकडे बोट दाखवून पोरीला विचारलं. मी मध्ये पडले तर मला म्हणाले, "तुझो कशावर इश्वास नाय, बरा. पण नाक तरी आसा मां?"

मग उतारा काढला. नारळ, लिंबू, तांदूळ तिच्यावरून ओवाळले, वर ते कार्ड ठेवलं आणि सगळं तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर नेऊन टाकलं. उताऱ्याला कोणी हात लावत नाही.

वास गेला नाही. आता तरी कुणी चूक कबूल करेल, असं मला वाटलं होतं. उलट ठरलं असं, की कार्डातलं ते आता पोरीत शिरलंय. शेजाऱ्यांनी मुलं पाठवायची बंद केली. शाळेत तिच्या बाकावर कोणी बसेना.

तिठ्यावरून मी रोज जायचे. पावसात तांदूळ वाहून गेले, लिंबू काळं पडलं, नारळाला बुरशी धरली. कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात होतं, ते तसंच कोरडं, लखलखीत. कधी पालथं, कधी उताणं. उताणं असलं की ते माझ्याकडे बघतंय असंच वाटायचं, आणि मी पाय उचलायचे.

शेवटी परवा भर दुपारी उचललं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हुंगून पाहिलं. त्याला कसलाच वास नव्हता.

घरी आले तर ती घरापुढच्या खळ्यात एकटीच साबणाने हात धूत बसलेली. बोटांची कातडी पांढरी पडली होती. मी कार्ड पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. ओले हात माझ्या नाकाशी आणून विचारलं, "ताई, अजून येता काय गो?"

तिच्या हातांना येत नाही. घरात अजून येतो, आणि कशाचा ते मला माहीत नाही. आपल्याला माहीत नाही म्हणून ते नऊ वर्षांच्या मुलीच्या माथी मारायचं?

तुम्ही याच वाडीतले आहात. येत्या रविवारी तुमची मुलं आमच्या खळ्यात खेळायला पाठवा. आणि स्वतः त्यांच्याबरोबर या, सगळ्यांसमोर तिचे हात हातात घ्या.