टुंडू हत्तीची झोपायची वेळ

महाळुंगे पडवळच्या भिमाजीतात्यांना काळजी करायला निमित्त लागत नसे. आभाळ भरून आलं तर कांद्याचं काय होणार आणि मोकळं राहिलं तर विहिरीचं काय होणार, या दोन्ही काळज्या ते एकाच कप चहात उरकत. गेल्या वर्षी शेजारच्या उसात बिबट्या आला, तेव्हा मात्र त्यांना जन्मात पहिल्यांदा खरंखुरं कारण मिळालं.

गोठा त्या उसापलीकडे. संध्याकाळी धार काढायला तात्यांच्या पत्नी अंजनाबाई जायच्या. तात्यांच्या दुखऱ्या गुडघ्याच्या चालीनं गेलं असतं तर डेअरीची गाडी तोवर मंचरला पोचली असती. शिवाय तात्यांचा हात लागला की गाय पान्हा चोरायची. "तिलाबी तुमच्या काळजाची धडधड कळती," असं अंजनाबाईंचं निदान होतं.

वनखात्याच्या माणसानं सांगितलं होतं, उसातून जाताना बोलत राहा, गाणी लावा. घरात मोबाइल एकच, आणि तो तात्यांपाशी राही. काही बरंवाईट झालं तर फोन करायला कुणीतरी शाबूत हवं ना! म्हणून माळ्यावरून टॅब खाली आला.

हा टॅब नातीचा, श्रेयाचा. लहान मुलांच्या एका टीव्ही चॅनेलनं काढलेला, हिरव्या रबरी कवचाचा, दोन्ही बाजूंना हत्तीचे कान. तात्यांच्या मुलानं, ज्ञानेश्वरानं, भोसरीत हौसेनं घेतला. पुढं कंपनीनं तो बनवायचंच सोडलं, मागोमाग चॅनेलही गुंडाळलं, आणि श्रेया तर आता हत्तीचं नाव काढलं की लाजते. टॅबमध्ये उरलं होतं एकच गाणं, "टुंडू आया, टुंडू आया, सूंड हिलाता टुंडू आया!" पण आवाज असा, की ट्रॅक्टरनं मान खाली घालावी.

खोट एकच होती. ज्ञानेश्वरानं त्यात पोरीची झोपायची वेळ घालून ठेवलेली. संध्याकाळचे सात वाजले की टुंडू जांभई देई, "बच्चों, अब सो जाओ" म्हणे आणि सकाळपर्यंत गप्प पडे.

"पासवर्ड आठव की रं!" तात्या फोनवर ओरडले.

"तात्या, किती वर्षं झाली त्याला. कंपनीला फोन लावा."

कंपनीचा नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई मोठ्या आनंदानं सांगायची. तात्यांनी तिलाही दोनदा विनवून पाहिलं.

अखेर त्यांनीच अक्कल लढवली. एके संध्याकाळी टॅबच्या घड्याळात सकाळचे नऊ करून टाकले. आता टुंडूला वाटे, नुकतं उजाडलंय. हा पराक्रम तात्यांनी कुणालाही सांगितला नाही. सांगितलं की बिघडतं, ही आणखी एक काळजी.

तेव्हापासून ते ओट्यावर कान लावून बसत. टुंडू गातोय म्हणजे ती चालतेय. गायीलाही गाण्याची सवय झाली.

आणि पौषातल्या एका संध्याकाळी गाणं गोठ्यातून निघालं, उसात शिरलं आणि मध्येच तुटलं.

तात्यांनी मोबाइल पाहिला. सातला पाव तास होता. आणि सात वाजले असते तरी काय, टुंडूची तर सकाळ होती. बॅटरी त्यांनी स्वतः भरली होती. म्हणजे कारण एकच उरलं.

वनखात्याचा नंबर शोधायला ते थांबले नाहीत. त्यांनी काठी उचलली. गुडघा आहे हे वाटेत आठवलंच नाही. उसाच्या तोंडाशी हाक मारायला तोंड उघडलं, तर नावच निघेना. लग्न झाल्यापासून बायकोला नावानं हाक मारली होती कुणी? घशात आलं ते भलतंच.

"टुंडू आया! टुंडू आया!"

"कोण मेलं बोंबलतंय?" आतून आवाज आला.

"मी हाये! तू हायेस का?"

"न्हाई तर कोण बोलतंय?"

अंधारात अंजनाबाई एका हातात किटली घेऊन टॅब हलवत उभ्या होत्या. "झोपला की ह्यो मुडदा!"

"झोपंल कसा? मी त्याची सकाळ केली व्हती!"

"तुमी केली व्हती? मला वाटलं बिघाडलंय. दुपारीच नीट लावलं म्या, भितीवरल्या घड्याळावरनं."

भिंतीवरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं असे. डेअरीची गाडी चुकू नये म्हणून ते अंजनाबाईंनीच तसं ठेवलं होतं.

तात्या रागवणार, तेवढ्यात डाव्या अंगाला उसाचं वाळकं पाचट वाजलं. वारा नव्हता.

आजवर या भित्र्या माणसाला हसत आलेल्या अंजनाबाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"म्हणा की!"

"फुडलं येत न्हाई."

"पैलंच म्हणा!"

मग दोघांनी मिळून, दोन वेगवेगळ्या सुरांत, पहिलंच कडवं ओट्यापर्यंत ओढत नेलं. किटलीतलं निम्मं दूध वाटेवर सांडलं.

सकाळी तात्या उसाच्या कडेनं गेले. पाटाच्या ओल्या मातीत ठसे होते, पंजाचे, कालच्या वाटेला अगदी लागून. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि चपलेनं ते पुसून टाकले.

संध्याकाळी अंजनाबाई किटली घेऊन निघाल्या, तर तात्या काठीसकट आधीच वाटेवर.

"गुडघा?"

"हाये जागेवर."

"सकाळी पाटाजवळ पाय घासत व्हता ते?"

"चिखल लागला व्हता."

अंजनाबाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. किटली दुसऱ्या हातात घेतली आणि अगदी अंगाला अंग लावून चालू लागल्या. उसाशी पोचल्यावर तात्यांनी घसा खाकरला.

"आज जरा मोठ्यानं म्हणा," त्या म्हणाल्या.