निळी टोपी आणि एकोणीस बॅगा

१२ नोव्हेंबर, दुपारचे साडेबारा. रक्कम एक्क्याण्णव हजार रुपये. त्यातले चौऱ्याहत्तर हजार पाचशे श्रीलंकेच्या सहलीचे आणि सोळा हजार पाचशे एकट्यासाठी वेगळी खोली म्हणून जादा. हजर माणसं चार: मी, बायको, मुलगी आणि नगरमधल्या एका सहल कंपनीच्या काउंटरवरची मुलगी.

"एकटा माणूस निम्मीच खोली वापरणार, मग पैसे जास्त का?" मी विचारलं.

"सर, दुसरी निम्मी आम्ही कोणाला देणार?" काउंटरवरची म्हणाली.

मी चेक लिहिला.

बायको येणार नव्हती. नगरहून कर्जतला, तिच्या माहेरी, एसटीनं जायचं म्हटलं तरी तिला वाटेत दोनदा गाडी लागते. विमानाचं तर नावच नको. पण काउंटरवर गटाची माहिती ऐकून तिला काळजी वेगळीच लागली होती. "छोटा गट, बारा माणसं, समदी एकमेकांच्या वळखीची," ती म्हणाली. "तुमच्याशी बोलंल कोण? आठ दिस गप बसून माघारी याल."

माझीही भीती तीच होती. पण श्रीलंका मला पाहायची होती. वडील रस्त्याच्या कामावर मजुरीला जात. आमच्या एका खोलीच्या घरात भिंतीवर तिथल्या बुद्धमूर्तीचं चित्र होतं, कुठल्याशा कॅलेंडरचं, वर्ष उलटलं तरी न काढलेलं. बावन्न वर्षांचा झालो, एका सरकारी कार्यालयात लेखापाल आहे, पासपोर्ट आहे. आता नाही तर कधी, असा साधा हिशोब.

जानेवारीत मुंबई विमानतळावर गट भेटला. मी सोडून अकरा जण, सगळे पुण्यातल्या एकाच सोसायटीतले. टूर मॅनेजर तिशी ओलांडलेला, घाईत असलेला माणूस. तो सगळ्यांना पिवळ्या टोप्या वाटत होता. माझ्यापाशी आला तेव्हा हात रिकामा. "काका, तुमचं बुकिंग वेगळं आलं ना, एक कमी पडली. ही चालेल?" असं म्हणून त्यानं आपल्या बॅगेतून निळी टोपी काढून दिली.

निळा रंग म्हटल्यावर मी खूशच झालो. आमच्या घरात त्या रंगाला मान आहे. मॅनेजरच्या डोक्यावरही तशीच टोपी होती, हे मी पाहिलं होतं. त्याचा काही अर्थ निघेल असं मनात आलं नाही.

मोजणं ही माझी जुनी खोड. कोलंबोत बस भरताना मी बॅगा मोजल्या, माझी धरून एकोणीस. दुसऱ्या दिवशी हॉटेल सोडताना अठराच भरल्या. मी मॅनेजरला सांगितलं, तो धावत आत गेला आणि लिफ्टजवळ राहिलेली मरून बॅग घेऊन आला. ती एका निवृत्त मुख्याध्यापिकेची होती. वय सत्तरीच्या आसपास, आवाज अजून शाळेतला.

"दादा, तुमचं लक्ष आहे हो," त्या म्हणाल्या. "नाहीतर आजकाल कोण एवढं बघतं."

बसमधल्या इतरांनीही माना डोलावल्या. मला बरं वाटलं. रात्री बायकोचा फोन आला. "बोललं का कोनी?" मी म्हणालो, "हो, बोलले की."

मग बोलणं वाढतच गेलं. "दादा, पुढचं वॉशरूम किती वेळानं?" "दादा, चहाचं बघा जरा." "दादा, एसी कमी करायला सांगता का?" मला माहीत असेल ते मी सांगत होतो, नसेल ते चालकाला विचारत होतो. गटातल्या निम्म्या लोकांपेक्षा मी वयानं मोठा, तरी काका न म्हणता सगळे दादाच म्हणत होते. पुण्याची पद्धत असेल, असं मी धरलं. एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. जेवताना सहा-सहाची दोन टेबलं लावलेली असायची. त्यांचे अकरा आणि मी मिळून बारा होतात. पण बाराव्या खुर्चीवर ते पर्सा ठेवायचे, आणि मला हातानं दाखवायचे, तिकडे, मॅनेजर आणि चालक बसले होते तिथे. मी जायचो. तिथंही बोलायला माणसं होतीच.

सिगिरियाचा खडक चढताना मुख्याध्यापिकाबाईंनी पाण्याची बाटली आणि छोटी बॅग माझ्याकडे दिली. मी पायऱ्या मोजत होतो. सहाशेच्या पुढे बाईंनी सुनेचा विषय काढला. फ्लॅट मुलाच्या नावावर करून द्या म्हणून ती मागे लागली होती, आणि बाईंनी कागदावर सही केलेली होती, पण कागद अजून कपाटात होता. सोसायटीत हे कोणाला माहीत नव्हतं. "तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काय, उद्या दुसऱ्या ग्रुपबरोबर," त्या म्हणाल्या.

ते वाक्य मला कळलं नाही. पण कोणी आपल्याला एवढं मनातलं सांगतंय, याचंच अप्रूप वाटलं. पायऱ्यांचा आकडा तिथंच हुकला. तो अजून माझ्याकडे नाही.

दांबुल्लाच्या लेण्यांपाशी थोडं कळलं. चपला काढून आत जायचं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी, पूर्वी बँकेत मॅनेजर होते, ते मला म्हणाले, "दादा, तुम्ही थांबता ना चपलांपाशी?"

"मी आत येणार आहे," मी म्हणालो.

ते जरा चमकले. बाई मध्ये पडल्या. "येऊ द्या हो. त्यांनाही दर्शन घेऊ दे. चपला ठेवायला स्टॉल आहे तिथे."

आत निजलेली मूर्ती होती, आमच्या भिंतीवर होती तशीच. तीच की दुसरी, ते मला सांगता येणार नाही. मी गुडघे टेकले आणि त्रिसरण, पंचशील म्हटलं, रोज घरी म्हणतो तसं. पांढऱ्या साडीतली एक तिथलीच बाई कमळं वाहत होती. ती माझ्या आवाजात आवाज मिसळून म्हणू लागली. चाल वेगळी, शब्द तेच. संपल्यावर तिनं हात जोडले, मीही जोडले. तिची भाषा मला येत नव्हती आणि माझी तिला.

मागून सेक्रेटरींचा आवाज आला, "बघा, कंपनीनं माणसाला ट्रेनिंग काय दिलंय. मंत्रसुद्धा पाठ."

आता मला सगळं नीट दिसलं. त्याच क्षणी वळून सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. का, ते मी तेव्हापासून शोधतोय. अपमान वाटला म्हणावं, तर रागानं बोललो असतो. वाटला नाही म्हणावं, तर रात्रभर आरशात चेहरा का बघत होतो? टोपीमुळं त्यांना तसं वाटलं, की मी बॅग उचलायला वाकतो ते बघून, की तोंड बघून? टोपी काढून पाहिलं. काही ठरलं नाही. आणि एक लाजिरवाणी गोष्टही खरी आहे. सांगितलं असतं तर उद्यापासून माझ्याशी कोण बोललं असतं? बायकोला मी त्या रात्रीही म्हणालो, "बोलतात."

शेवटच्या संध्याकाळी, चहाच्या वेळी, सेक्रेटरींनी तीन पाकिटं काढली. एक चालकाला, एक बसच्या मदतनिसाला. तिसरं माझ्यासमोर धरलं. "दादा, हे तुमचं. मॅनेजरचं कंपनी बघेल." त्यांच्या हातात यादी होती. देणाऱ्यांची नावं अकरा. मी नोटा मोजल्या, तीन हजार तीनशे. अकरा गुणिले तीनशे.

चुकीच्या यादीवर मी आयुष्यात सही केलेली नाही.

"देणारे बारा पाहिजेत," मी म्हणालो. "मी कंपनीचा माणूस नाही. मी टूरिस्ट आहे. एक्क्याण्णव हजार भरलेत, तुमच्यापेक्षा सोळा हजार पाचशे जास्त."

मग एक जण म्हणाला, "पण टोपी?"

मॅनेजरनं खाली बघितलं. "पिवळी कमी पडली होती. मला वाटलं, काकांना हे सगळं आवडतंय. म्हणून मी काही बोललो नाही."

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत, साहेब?" सेक्रेटरी म्हणाले.

एका मिनिटात मी दादाचा साहेब झालो होतो. जेवताना बारावी खुर्ची मोकळी करून दिली, वाढण्याचा आग्रहही झाला. मीठ पुढे करण्यापलीकडे मात्र कोणी बोललं नाही. पाकीट परत घ्यायला सेक्रेटरी तयार नव्हते. "ते मदतनिसाला देऊन टाका," ते म्हणाले.

तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई टेबलापलीकडून म्हणाल्या, "माझे तीनशे मला द्या."

मी तीन नोटा काढून दिल्या. त्यांनी त्या पर्समध्ये ठेवल्या आणि मान खाली घालून भात कालवला. त्या रागावल्या होत्या की शरमल्या होत्या, मला कळलं नाही.

मुंबईला विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर मरून बॅग आली. बाई "दा" म्हणाल्या आणि थांबल्या, मग स्वतःच वाकल्या. त्यांच्यानं ती उचलवेना. मी बॅग उतरवून ढकलगाडीवर ठेवली.

"त्या कागदाचं मी जे बोलले," त्या हळू म्हणाल्या, "ते तुम्ही..."

"मी विसरलो."

"विसरू नका," त्या म्हणाल्या. "कोणाला सांगू नका, एवढंच. सोसायटीत नाही सांगता येत, म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्ही कोण आहात ते बघून नाही सांगितलं." मग ढकलगाडीचा दांडा धरून, "आता बघून सांगायचं असतं तर सांगितलं असतं का, कोण जाणे."

घरी बायकोनं बॅग उघडता उघडता विचारलं, "शेवटपत्तूर बोललं का कोनी?"

"एक जण," मी म्हणालो. निळी टोपी तिनं खुंटीला अडकवली. मी वही काढली आणि सहलीच्या पानावर शेवटच्या नोंदी केल्या. चालकाला माझ्या वाट्याचे एक हजार. मदतनिसाला माझे पाचशे आणि पाकिटातले तीन हजार. मुख्याध्यापिकाबाईंना त्यांचे तीनशे, परत, हातात.