मेलेल्या बकरीची झाडलोट

बाजाराच्या दिवशी जिनिंग बंद असे. कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी बांधायचा तो कारखाना. इचोड्याहून आमच्या गावाकडे येताना रस्त्यालाच आहे. मी तिथे बरीच वर्षं झाडायला होते. गुडघे गेले तेव्हा सोडलं. मग माझी सून जायला लागली.

तिथल्या बायकांची एक रीत होती. सुट्टीच्या दिवशीही दुपारी जायचं आणि यंत्रं बंद असलेल्या शेडमध्ये भिंतीला टेकून घटकाभर बसायचं. काम नाही, मजुरी नाही, नुसतं बसायचं. त्याला कारण होतं. एक दिवस घरी राहून दुसऱ्या दिवशी कामाला गेलं की संध्याकाळी छाती आवळते. दम लागतो, खोकला सुटत नाही. मग रोज जात राहिलं की छाती हळूहळू मोकळी होते. पुन्हा सुट्टी आली की पुन्हा तेच. बायकांनी यातून अर्थ काढला की जागेला एकटं सोडलेलं चालत नाही. ती रुसते आणि परतलेल्या बाईची छाती धरते. तेव्हा तिला एकटं सोडायचंच नाही. मीही जाऊन बसत असे. चौकीदार अडवत नसे, कारण बसायला आलेल्या बाया उठताना झाडून देत.

यंत्रं चालू असतात तेव्हा माणसाला काही सुचत नाही. बंद असली की दिसतं. पत्र्याला जिथे जिथे भोक आहे तिथून ऊन काठीसारखं उभं खाली येतं, आणि त्या उन्हात धूळ हिंडत असते. वारा नाही, कोणी हललेलं नाही, तरी हिंडते. आम्ही बोलत नसू. एखादी खोकली की आजूबाजूची सगळी धूळ तिच्याकडे वळे. मी हे पाहिलं आहे. खोकल्यावर माणूस जोरात श्वास ओढतो म्हणून ती वळते, हे आता मला कळतं. तेव्हा कळत नव्हतं आणि विचारायला कोणी नव्हतं.

यंदाच्या हंगामात सुनेची छाती आवळली ती सुटेचना. आठवडाभर कामावर जाऊनही सुटेना. ती भाकरी थापताना मध्येच थांबून चुलीसमोर ओणवी होई. मग सुट्टीच्या दिवशी नुसतं दुपारी बसायचं सोडून तिने सकाळ-दुपार बसायला सुरुवात केली. जागा जास्तच रुसली असेल, असं तिला बायकांनी सांगितलं.

तिची मुलगी, म्हणजे माझी नात, इचोड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. ती एक दिवस आईसमोर उभी राहिली.

"आई, तू तिथं बसू नको. कामावर बी जाऊ नको."

"नाही बसली त छाती धरते. तुले काय मालूम? तू पंख्याखाली बसून शिकवतं."

"जागा छाती धरत नाही."

"मंग कोन धरते?"

नात माझ्याकडे बघायला लागली. मी तांदूळ निवडत होते. मी म्हटलं, "माझ्याकडे काऊन पाहून राह्यली? मले बी धरत होती. कोन धरते ते मले बी सांग."

"दाखवते," ती म्हणाली.

संक्रांतीच्या सुट्टीत शाळा बंद होती आणि खोलीची किल्ली तिच्याकडे होती. तिने मला खाटकाकडे पाठवलं. सकाळी कापलेल्या बकरीचं फेफडं श्वासाच्या नळीसकट हवं होतं. खाटीक म्हणाला, "बुढे, कुत्र्याले काय?" म्हटलं, "सुनेले." त्याने ओल्या फडक्यात बांधून दिलं.

शाळेच्या रिकाम्या खोलीत आम्ही तिघी. नातीने नळीत रबरी नळकांडं घालून फुंकलं. परातीत पडलेला तो काळपट लोळा हळूहळू फुलला, गुलाबी झाला, परातीच्या काठाबाहेर आला. तिने तोंड काढल्यावर तो सावकाश सुस्कारा टाकून खाली बसला. तो आवाज माणसाचा होता. सून भिंतीपर्यंत मागे सरकली. मी सरकले नाही, पण पदर तोंडाला लावला.

"पिशवी नाही ही," नात म्हणाली. "उलटी पऱ्हाटी समजा, कापसाचं झाड उलटं धरलेलं. मोठी नळी म्हणजे तिचा बुंधा. त्याला फांद्या, फांद्यांना बारीक फांद्या, आणि शेवटी बोंडं. बोंडं एवढी बारीक की डोळ्याला दिसत नाहीत. फेफडं म्हणजे ती सगळी बोंडंच."

मग तिने बकरीच्या नळीचा आतला भाग पात्याने हलका खरवडला, मिठाच्या पाण्याच्या थेंबात काचेवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. मला डोळा लावायला सांगितला. आधी माझीच पापणी दिसली. मग दिसलं. एका काठाला केसांची दाट रांग होती आणि ते केस हलत होते. सगळे एका दिशेला झुकायचे, परत उभे राहायचे, पुन्हा झुकायचे. ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा जातो तसे, पण वारा एकाच बाजूने आणि थांबतच नाही. त्यांच्यासमोर एक कण होता, तो ढकलला जात होता.

"बकरी सकाळीच मेली ना?" मी विचारलं.

"हो."

"मंग हे काय करून राह्यले?"

"झाडून राह्यले. धूळ वर घशाकडे ढकलतात. बकरी मेली हे त्यांना अजून कळलं नाही."

 जन्मभर मी झाडत आले. हे असं, मालक मेल्यावरही, कोणी बघत नसताना चाललेलं झाडणं मी कधी पाहिलं नव्हतं. मी बाजूला झाले. सुनेने पाहिलं आणि ती बराच वेळ डोळा काढेना.

"एवढे झाडतात त धूळ राहतेच कशी?" तिने विचारलं.

नातीने शाळेच्या डब्यातली एक तयार काच काढली. तीत फेफड्याचा पातळ काप रंगवून बसवलेला होता. मी पाहिलं तर माणसं उठून गेलेल्या गावासारखं होतं. छप्पर नाही, दारं नाहीत, नुसत्या बारीक भिंती आणि त्यांच्यात रिकाम्या खोल्या. जिकडे बघावं तिकडे रिकामंच.

"ह्या खोल्या म्हणजे बोंडं," नात म्हणाली. "ह्यांच्यात हवा येते. भिंतीतून रक्त वाहतं. भिंत इतकी पातळ की हवा तिच्यातून रक्तात जाते. इथं झाडणारे केस नाहीत. इथवर आलेली धूळ गिळायला काही राखणदार पेशी असतात. त्या धूळ गिळतात. जिला बाहेर नेता येत नाही ती इथंच राहते. ते काळे ठिपके दिसले?"

दिसले. भिंतींच्या कोपऱ्यांत बसलेले. मी डब्यावरचं नाव वाचायला सांगितलं. तिने वाचलं, "सस्तन प्राण्याचं फुप्फुस."

"कोनाचं?"

"ते लिहिलं नाही."

"मानूस बी सस्तनच ना?"

"हो, आजी. सगळ्यांचं जवळपास सारखंच दिसतं."

 परातीतलं फेफडं कडेने वाळायला लागलं होतं.

नातीने काच थोडी सरकवली आणि आईला बोलावलं. "हे पाहा. बारीक फांदी आहे ही, आडवी कापलेली. मधलं भोक गोल पाहिजे होतं."

सून म्हणाली, "गोल नाही. चुरगळलं हाय. चांदणीसारखं."

"भोवती लाल पट्टा दिसते? तो स्नायू. तो आवळला की नळी अशी मिटते. जिनिंगची धूळ गेली की तो आवळते. सुट्टीनंतर जास्त कळते. रोज गेलं की सवय होते आणि कळत नाही. पण धूळ लागतच राहते. आता तुझी सुटत नाही, म्हणजे सवयीच्या पुढे गेलं. आता थांबली त बरी होशील. नाही थांबली त मी सांगू शकत नाही."

सून काचेवरून डोळा न उचलता म्हणाली, "म्हणजे धरणारा हात माह्याच आंगातला हाय."

"हो."

मला वाटलं होतं, हे ऐकून तिची भीती जाईल. गेली नाही. जागा रुसली तर तिला नारळ देता येतो. आपल्याच आत बसून आपली नळी मिटवणाऱ्याला काय देणार?  कामावर जाते की घरी राहते, ते तिने सांगितलं नाही.

पुढच्या बाजाराला तिचं बसायचं पोतं आणायला म्हणून मी स्वतः जिनिंगमध्ये गेले. ते भिंतीशी तसंच पसरलेलं होतं, बाजूला बायका बसलेल्या. एकीने सरकून जागा केली. मी बसले. किती वर्षांनी बसले होते. उन्हाच्या काठ्या त्याच होत्या आणि धूळही. मी तोंड मिटून बसले, तरी नाकाने श्वास घ्यावाच लागतो. एक जण म्हणाली, "सून नाही आली? जागा वाट पाहून राह्यली तिची." बाकीच्या कोणी मान वर केली नाही. मी पोतं घेतलं आणि उठले. त्या दिवशी झाडून दिलं नाही.

संध्याकाळी माझी छाती आवळली. जुनीच ओळख होती. मी खाटेवर बसून श्वास ओढत होते आणि आत शिट्टी वाजत होती. सून चुलीपाशी होती. तिचा हात थांबला. ती ऐकत राहिली.

"आत्याबाई, तुमी तिथं बसल्या होत्या."

"बसली होती."

"किती वेळ?"

"घटकाभर."

तिने पोतं उचललं, मागच्या परसात नेलं आणि पेटवलं. रुई चिकटलेलं पोतं भसकन जळतं. धूर घरात येऊ नये म्हणून तिने दार ओढून घेतलं.

सकाळी कामावर जाणाऱ्या बायकांनी रस्त्यावरून तिच्या नावाने हाक मारली. आमच्याकडे म्हणतात, भूत एकदाच हाक मारतं. पहिल्या हाकेला ओ देऊ नये. दुसरी हाक आली. मग तिसरीही आली, म्हणजे हाक मारणाऱ्या जिवंतच होत्या. सून दाराच्या आत उभी होती. छातीवर हात ठेवून, तोंड मिटून. तिने ओ दिली नाही.