यादीत न लिहिलेली घोडी

तुम्ही दोघांनी परवा फोनवर शहराचा नकाशा मोठा करून विचारलंत, "आजी, छावणीच्या बाजूला ही अंड्याच्या आकाराची मोकळी जागा कसली?" तुम्हाला ती इतक्या लांबून दिसली. इथं रोज तिच्याशेजारून जाणाऱ्यांना विचाराल तर कुणी सांगेल स्टेडियम होणार, कुणी सांगेल मंगल कार्यालय, कुणी सांगेल लेणी बघायला येणाऱ्या बसगाड्यांचा तळ. आज तरी ते रेसचं मैदान आहे, आणि त्याचं जे काही झालं त्यात माझा हात आहे. म्हणून क्रमानं लिहिते.

पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी मिशनच्या शाळेत दुसरीत होते. त्यानंतरही काही वर्षं शर्यती चालू होत्या. जहागीरदार गेले, अधिकारी आले, खुर्च्या त्याच राहिल्या. घोड्यांची नावं तेवढी बदलली. दरबारी थाटाची होती ती पुराणातली झाली. घोड्यांना हे कुणी कळवलं नसावं, कारण सगळ्यांत मागून येणारा नव्या नावानंही मागूनच येत राहिला.

बायकांची बैठक वेगळी होती आणि तिच्यापुढं पडदा म्हणून बांबूच्या काड्यांची चिक सोडलेली असे. नवे अधिकारी भाषणांत स्त्रियांच्या प्रगतीवर भरपूर बोलत, पण चिक कुणी गुंडाळली नाही. ती कोणत्या खात्याकडे येते हेच ठरलं नव्हतं. खालच्या काड्या मोडल्यामुळं ती जमिनीपासून हातभर वर लोंबत होती. आम्ही मुली सतरंजीवर पालथ्या पडून त्या फटीतून घोड्यांचे गुडघ्याखालचे पाय बघायचो आणि पायांवरूनच घोडा ओळखायचो. एकदा आमच्या गल्लीमागच्या टांगेवाल्यानं टांग्याचा घोडा सोडून शर्यतीत उतरवला. त्याचा मागचा डावा पाय पांढरा होता. माझ्या डोळ्यांदेखत तो पाय सर्वांच्या पुढं गेला. पंचांनी मात्र एका बड्या अधिकाऱ्याच्या घोड्याला पहिलं ठरवलं. घरी येऊन मी वडिलांना सांगितलं. ते वकील होते. म्हणाले, "तू पाय पाहिलेस. पंच घोड्याचं नाक बघतात." मग पेपर उलटून म्हणाले, "आणि मालकाचंही."

पुढं शर्यती बंद पडल्या. कुणी बंद केल्या नाहीत; एका वर्षी कुणी भरवल्या नाहीत, इतकंच. मैदानावर क्रिकेट आलं, सर्कस आली, सभा आल्या. घोडा तेवढा एकाच घराण्यानं टिकवला. त्या टांगेवाल्याचा नातू आता वरातींना घोडी देतो. क्रांती चौकातली गर्दी, बँड, फटाके आणि नवरदेवाचे नाचणारे मित्र यांच्यामधून घोडीनं शांत चालायचं, तर सकाळी तिची रग मऊ मातीवर जिरवावी लागते. डांबरावर पळवली तर पाय जातात. न पळवली तर नवरदेव जातो. ती मऊ माती शहरात त्या मैदानाशिवाय कुठं उरलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी मैदान वाचवायला एक समिती नेमली गेली. जुने कागद इंग्रजीत होते आणि ते वाचायला फुकटचं माणूस हवं होतं, म्हणून शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंना, म्हणजे मला, घेतलं. समितीनं मला काम दिलं: मैदानावर पूर्वी काय काय होतं याची यादी करा, तेवढं जपू, बाकीचं हटवू. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. मी मसाल्याच्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या लावते. महिनाभर खपून मी यादी केली. फाटक, कठडे, पंचांचा चौथरा, पाण्याचा हौद, कडुलिंबाची झाडं, चिकेचे खिळेसुद्धा. समितीनं वाचून टाळ्या वाजवल्या आणि एकमतानं मंजूर केली.

पंधरा दिवसांनी मैदानाभोवती पत्रे उभे राहिले आणि फाटकावर पाटी लागली: "ऐतिहासिक रेसचे मैदान. जनावरांना सक्त मनाई."

त्यानंतर आठ दिवसांनी सकाळी घोडीवाला माझ्या दारात आला. चप्पल काढून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"माँजी, तुमने झाड लिखे, हौद लिखे, खिल्ले लिखे. घोडाच नइं लिखे!"

मी माझी प्रत काढून वाचली. खरंच नव्हता. रेसच्या मैदानाच्या यादीत घोडा लिहायचा असतो हे मला सुचलंच नव्हतं.

"अब लगनसरा आ गई," तो म्हणाला. "आठ दिन से खडी है. कल लात मारके बालटी फोडी. ऐसी घोडी पे किसके बच्चे को बिठाऊं? बेचनाच पडेगा."

मी छत्री घेतली आणि सरळ कचेरीत गेले. समितीचं काम बघणारा कारकून वैजापूरकडचा, मोठा गोड माणूस. मला बघून खुर्ची पुसली.

"आजी, लई झकास यादी केली तुम्ही. साहेबांनी मीटिंगमधी वाचून दाखवली."

"तिच्यात घोडा राहिलाय. तेवढा घालून घ्या."

"आता नाय जमायचं. मंजूर झाली ना."

"अहो, रेसचं मैदान आहे. घोडा असणारच की!"

"असंल. पण आपण फक्त यादीतलं जपतो. खिळे हायेत बघा यादीत, त्याला आम्ही रंग दिला. घोडा घालायचा म्हंजे परत समिती, परत जाहिरात, परत हरकती. पुढल्या साली बघू." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "चहा घेता का?"

मी चहा घेतला. दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतं.

पुढचे चार दिवस मला नीट जेवण गेलं नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या होत्या. पाचव्या दिवशी कारकूनच घरी आला, घाम पुसत.

"आजी, उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार. ते म्हणाले, रेसच्या मैदानावर फोटोत घोडा पायजे. तुमच्या वळखीत एखादी गरीब घोडी हाय का?"

"आहे. पण जनावरांना मनाई आहे ना?"

"त्याचा पास करू की! कार्यक्रमाचं सामान म्हणून. तंबू, खुर्च्या, घोडी."

त्यानं तिथंच जेवणाच्या टेबलावर छापील पास भरला. घोडी एक, मालकासह, सरावासाठी व कार्यक्रमासाठी मैदानात प्रवेश. "पासून" पुढं त्यानं त्या दिवसाची तारीख घातली. "पर्यंत" पुढची जागा कोरीच राहिली. मग सही केली, शिक्का मारला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"एकदा नजर टाका आजी. तुमच्या नजरेतून काय सुटत नाय."

माझा लाल पेन चष्म्याच्या घराशेजारीच होता. मी कागद दोनदा वाचला. कोरी जागा मला एखाद्या पडलेल्या दाताच्या फटीसारखी दिसत होती.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

पाहुण्यांना अजून वेळ मिळालेला नाही. उद्घाटन दिवाळीहून संक्रांतीवर आणि संक्रांतीहून गुढीपाडव्यावर गेलं. मी सकाळी फिरायला जाते तेव्हा समोरच्या बाकावर बसते. पत्रे जमिनीपासून हातभर वर आहेत. त्या फटीतून चार पाय जाताना दिसतात, फेरी मारून परत येतात. पांढरा त्यांतला एकही नाही, मी बघितलं.

तुम्हाला घोडी बघायची असेल तर या सुट्टीतच या. माझ्या जागी समितीवर दुसरी शिस्तीची बाई येणार आहे असं ऐकते.