कांताबाईंचा हात आणि बुंदीचे पंख

कारखान्यांच्या धुरातल्या बीरगांवात राहायचं म्हणजे काजळीसोबत संसार करायचा. सकाळी पुसलेली फरशी दुपारी पायाला काळी लागते. बाकीच्या पाऱ्यानं, म्हणजे मोहल्ल्यानं, केव्हाच हात टेकले होते, पण कांताबाई गजभिये टेकतील तर शपथ! उठल्या उठल्या बाबासाहेबांच्या फोटोची काच, मग खिडकीचे गज, मग मनीप्लांटचं एकेक पान. नवरा हरिदास कारखान्यातून आला की त्याला दारातच थांबवून पाय धुवायला लावायच्या. तो बिचारा म्हणायचा, "ही बाई एक दिवस मलेबी घासून पालथं घालन!" लोक हसायचे, पण अख्ख्या गल्लीत एवढं लखलखीत घर दुसरं नव्हतं, हेही तितकंच खरं.

बुंदी आली तीही काळीच. ऐन उन्हाळ्यात कोणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेला हा तुऱ्याचा विदेशी पक्षी, कॉकाटील म्हणतात त्याला, कपड्याच्या दोरीवर चोच वासून बसला होता. पाऱ्यात विचारलं तर कोणीच आपला म्हणेना. कांताबाईंनी फडका कोमट पाण्यात भिजवून अलगद पुसलं, आणि काय सांगू! काजळीखालून पिवळंधमक डोकं निघालं, गालावर नारंगी टिकल्या निघाल्या. "पाह्य, माह्या हाताची करामत!" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटल्या. तेव्हापासून बुंदी त्यांच्याच खांद्यावर. पोळ्या लाटतानाही तिथंच, आणि कानातलं ओढायची ते वेगळंच.

दिवाळी सरली आणि पिंजऱ्याच्या तळाशी पिसं पडायला लागली. आज या पंखाचं, उद्या त्या पंखाचं. बुंदी गप्प झाली, चिडचिडी झाली, दिवसभर अंग खाजवत बसायची. कांताबाईंचा जीव टांगणीला लागला. मग एका रविवारी पंखांत त्यांना काळपट काटे दिसले. झालं! ही काजळीच, कातडीत मुरली, म्हणूनच पिसं गळून राहिली, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. बीरगांवातल्या बाईला दुसरं सुचणार तरी काय?

फडका भिजवला आणि पुसलं. निघेना. घासलं, तरी निघेना. शेवटी नखानं एक काटा धरून ओढला, तर तो मध्येच तुटला आणि बुंदी अशी किंचाळली की चुलीवरचं दूध सोडून साक्षी धावत आली. ही त्यांची मुलगी. पंखातून रक्त टपकत होतं.

"मम्मी! ये क्या किया?"

"मले वाटलं काजळी हाये व..." कांताबाई हातातला तुटका काटा दाखवत म्हणाल्या.

साक्षीनं मक्याचं पीठ जखमेवर दाबलं आणि बुंदीला रुमालात गुंडाळून टोपलीत ठेवून स्कूटीनं शंकर नगर गाठलं. मागं बसलेल्या कांताबाई रस्ताभर स्वतःच्या हाताकडं पाहत होत्या. तिथल्या पक्ष्यांच्या डॉक्टर स्वरदा यांनी तुटका दांडा काढला, रक्त थांबवलं आणि म्हणाल्या, "काकू, हे नव्या पिसाचे कोंब आहेत. वाढेपर्यंत त्यांत रक्त असतं, म्हणून काळे दिसतात. बुंदी पिसं बदलतेय, आजारी नाही. दोन्ही बाजूंची सारखी गळतात, टक्कल पडत नाही, खाणं चालू असतं, तर घाबरायचं नाही. पण अंग दुखरं असतं तिचं. हात लावू नका. पोटाला द्या, झोपू द्या."

हात लावू नका! कांताबाईंना सांगून सांगून काय सांगितलं! पण त्यांनी ते पाळलं, आणि खरं कौतुक इथंच आहे. उकडलेल्या अंड्याचा चुरा आणि शेवग्याचा कोवळा पाला त्या रोज ठेवायच्या. हिंवाचा वारा लागू नये म्हणून पिंजऱ्याची एक बाजू चादरीनं झाकायच्या. आंघोळीला पसरट ताटलीत पाणी द्यायच्या, वाटलं तर तिनं जावं. बुंदी त्यांना पाहिलं की कोपऱ्यात दडायची. आपल्यावरची तिची माया पातळ झाली म्हणून कोणी रुसलं असतं. कांताबाई मात्र दुपारची कामं आवरून पिंजऱ्याचं दार उघडं ठेवायच्या आणि हात मांडीवर घेऊन नुसत्या बसायच्या. हरिदास म्हणाला, "सोड ना, नाही येत ते आता." त्या म्हणाल्या, "नाही आली तरी चालन. भेव तरी जाऊ दे तिचं."

कोंब वाढले, पंख भरले. डोक्यावरचे कोंब मात्र पांढऱ्या सालीत अडकून राहिले. तिथं तिची चोच पोचत नाही. वाळलेली ती साल हलक्या चिमटीत चुरली तरी चालते, पण पक्ष्यानं मागितलं तरच, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

त्या दुपारी बुंदी पिंजऱ्यातून उतरली. फरशीवरून तुरुतुरु आली, लुगड्याला धरून गुडघ्यावर चढली आणि कांताबाईंच्या बोटापुढं मान खाली घालून थांबली.

कांताबाई दगडासारख्या बसल्या.

"मम्मी, मांग रही है वो," साक्षी हळूच म्हणाली.

"मले भेव लागते व पोट्टे. माहा हात लय वाईट हाये."

बुंदीनं थोडी वाट पाहिली. मग चिडून चोचीनं त्यांचं बोट उचललं आणि आपलं डोकं स्वतःच त्याखाली सरकवलं.