लूमच्या मापाचा ओटा

हसायचं असेल तर आताच हसून घ्या. एकदा सांगायला लागलो की मधे ही-ही केलेलं मला खपत नाही. चहा मिळाला ना सगळ्यांना? मग ऐका. चुका मी पुष्कळ केल्या, पण एक चूक मी सिमेंटमध्ये केली!

पंच्याऐंशीच्या आगेमागची गोष्ट. मी भिवंडीत कापड विणायच्या लूमवर कामाला. उंची सहा फूट, शिक्षण चौथी नापास. माझी बायको सुभद्रा अंबाडी गावाकडची, माझ्या काखेखालून सहज जायची. नऊ वर्षं ती जमिनीवर बसून पंपाच्या स्टोव्हवर रांधत होती. डोळ्यांत धूर, पदराला रॉकेलचा वास. पण त्या स्टोव्हवरच्या मांदेलीची चव पुन्हा कुठे मिळाली नाही, हेही सांगतो.

मग एकदाचा गॅस आला.

"अवो, आता वटा बांधा. मी बी उभ्यानं रांधीन की."

"बांधतो. असा बांधतो की नातसूनसुद्धा त्याच्यावरच रांधेल!"

आमच्या घराला लागूनच कारखाना. लूम सुरू झाले की अख्ख्या आळीची भांडी नाचायची, कपातला चहा बशीत यायचा. आपला ओटा हलता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

त्यात ती भावाच्या लग्नाला माहेरी निघाली. जाता जाता दारात थांबून म्हणाली, "मी आल्यावर काम काढा. माझं माप लागंल न्हवं?"

"ओट्याला कसलं माप? पोलकं शिवायचंय?"

ती गेली आणि मी लगेच मिस्त्री आणला. युपीचा होता, गरीब स्वभावाचा. त्याने पहिलंच काय विचारावं?

"भैया, भाभी की हाइट कितनी है?"

माझी सटकली. "मेरी औरत के हाइट से तेरे को क्या करने का है? तू दीवार देख!"

"नहीं भैया, वो ओटे के लिए…"

"दीवार देख बोला ना!"

त्यानंतर त्या माणसाने मला एक शब्द विचारला नाही. विचारेल कशाला? जीव नकोसा झालाय का त्याला?

माप मी लूमचं दिलं. का नाही द्यायचं? बारा तासांची शिफ्ट उभ्याने करायचो, कंबर कधी दुखली नाही. सुताचा धागा घेतला, जमिनीपासून लूमच्या पुढच्या लाकडापर्यंत ताणला, गाठ मारली आणि मिस्त्रीच्या हातात दिला. त्याने बरोबर गाठीपर्यंत विटा चढवल्या. आत सळया घालायला लावल्या मी. वर जाड कडाप्पा. कडाप्प्यावर शेगडी. शेगडीवर पातेलं. हे वरचं वरचंही मोजायचं असतं, हे मला कोण सांगणार? सांगणाऱ्याला मी भिंत बघायला लावलं होतं!

सुभद्रा आली. ओटा बघून हरखली. दोनदा हात फिरवला. मग भाताचं पातेलं चढवलं. पातेल्याचं तोंड थेट तिच्या नाकासमोर!

"अवो, उकळी आली का न्हाय, ते शेजारणीला इचारू?"

"टाचा उचल की जरा."

"वटा रांधायला बांधलाय का दहीहंडीला?"

मिस्त्रीला बोलावलं. म्हटलं, तोड. तो म्हणाला, "भैया, आपने इतना सलिया डलवाया है, ये टूटेगा तो दीवार भी साथ में आएगी।"

तीन दिवस ती पाटावर उभी राहिली. चौथ्या दिवशी पाट सरकला. कालवण जमिनीवर आणि ती कालवणात. नशीब, लागलं नाही. मग मी पुन्हा अक्कल चालवली. ओट्यापुढे सिमेंटची पायरी घातली, पक्की. पायरी झाली तर दार अडकायला लागलं. म्हणून दार खालून वीतभर कापलं. त्या वीतभर फटीतून आलं मांजर. आधी पायरी, मग ओटा, मग मांदेलीचं ताट! अहो, मांजराला जिना बांधून दिला मी!

सुभद्रा रिकामं ताट घेऊन उभी. मला वाटलं, आता हे ताट माझ्या डोक्यात. तर ती पायरीवर बसली आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं, एवढं या चौथी नापासालाही कळलं. नऊ वर्षांत एकच वस्तू मागितली होती तिने.

पण बाहेरच्यासमोर कधी बोलली नाही. पाव्हणा आला की म्हणायची, "ह्यांनी बांधलाय. लूम किती बी खडखडू द्या, वाटी हलत न्हाय!" वाटी खरंच हलायची नाही.

त्या पायरीवर चढउतार करत तिने पोरं मोठी केली. पोरं लांब गेली. कारखान्याच्या जागी गोदाम आलं. ती खडखड गेली तर आता घर मुकं वाटतं. तेव्हा मालकाला शिव्या घालायचो त्याच खडखडीसाठी!

नव्वदचं दशक संपता संपता तिचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाला, पायरी बंद. मग मीच पायरी फोडून काढली आणि ओट्यापुढे उभा राहिलो. गॅस पेटवला, भात टाकला. कणभर वाकावं लागलं नाही. मी छाती काढून म्हणालो, "बघ! कंबर दुखत नाही. माप बरोबर होतं की नाही माझं?"

ती खुर्चीत बसून एकदा ओट्याकडे बघे, एकदा माझ्याकडे.

"माप बराबरच व्हतं," म्हणाली. "रांधनारं मानूस चुकलं व्हतं. आता गावलं."

तेव्हापासून भाकऱ्या मीच थापतो. हा चहाही मीच केलाय, कसा झालाय ते विचारत नाही. प्यालात? मग कप त्या ओट्यावर ठेवा. हलणार नाहीत. आणि घासायचेही मलाच आहेत.