डोहाळजेवणाची तक्रार

“पेंढारकर, मी कुणाचा पगार बुडवलाय?” भाऊंनी माझ्या केबिनच्या दारातूनच विचारलं.

“नाही.”

“कुणाला मारलंय?”

“नाही, भाऊ.”

“मग लेबर ऑफिसनं मला कशाला बोलावलंय?”

त्यांच्या हातात अरबीतला फॅक्स होता. तोही उलटा धरलेला. मागून बशीर आला, त्यानं कागद सरळ केला आणि वाचला. बशीर आमचा पीआरओ, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कंपनीची कामं करून आणणारा माणूस. “सेठ, शैला मॅडम का कम्प्लेंट है. बोलती है, काम से निकाला.”

“निकाला?” भाऊ समोरच्या खुर्चीत बसले. “अरे, मी तिचं डोहाळजेवण केलं!”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची ही हकिकत आहे. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमचा मसाले आणि लोणच्यांचा कारखाना होता. भाऊ मालक, मूळचे कराडचे. मी अ‍ॅडमिन मॅनेजर. शैला आमची क्वालिटी कंट्रोल केमिस्ट. मिरचीत भेसळ आहे का, लोणच्यात आम्ल पुरेसं आहे का, हे ती तपासायची. तिची सही झाल्याशिवाय माल बाहेर पडत नसे. नवरा नितीन दुबईत एका कॉन्ट्रॅक्टरकडे ड्राफ्ट्समन. लग्नाला तीन-चार वर्षं झालेली, आणि हे पहिलंच बाळंतपण.

भाऊंना बातमी कळली तेव्हा ते खरोखर हरखले. सातव्या महिन्यात कारखान्याच्या कँटीनमध्ये डोहाळजेवण ठरलं. झोपाळा मिळेना, म्हणून गोडाउनमधल्या माल उचलायच्या साखळ्या लावून फळी टांगली. फुलांचे दागिने माझ्या बायकोनं, उषानं, स्वतः गुंफले. हिरवी साडी भाऊंच्या घरून आली. पॅकिंगमधल्या फिलिपिनो मुलींनी अंताक्षरीसुद्धा खेळून पाहिली. शेवटी टाळ्यांच्या गजरात भाऊंनी शैलाच्या हातात पाकीट ठेवलं. आत मुंबईचं विमानाचं तिकीट होतं. एकेरी.

भाऊंचा हिशेब सरळ होता. पहिलं बाळंतपण माहेरी. त्यांच्या दोन्ही बहिणी माहेरी आल्या होत्या, सुना माहेरी गेल्या होत्या. सातव्यात गेलेली बाई मूल रांगायला लागल्याशिवाय परत येत नाही. तेवढे महिने कारखाना केमिस्टविना चालणार नाही, म्युनिसिपालिटी चालूच देणार नाही. म्हणून शैलाचा व्हिसा रद्द करायचा आणि तिच्या जागी एका मित्राचा पुतण्या आणायचा. पुतण्या कोल्हापुरात बॅग भरून बसला होता. हे सगळं त्यांनी अत्यंत प्रेमानं ठरवलं. शैलाला विचारायचं तेवढं राहिलं.

हे ठरलेलं मलाही ते पाकीट उघडल्यावरच कळलं.

तिथे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. व्हिसा कंपनीचा, नोकरी गेली की देश सोडायचा. वर काही महिने परत येण्यावर बंदी लागायची. बायकोला स्वतःच्या व्हिसावर ठेवायचं तर नवऱ्याचा पगार सरकारनं ठरवलेल्या रकमेच्या वर हवा. नितीनचा तेवढा नव्हता. म्हणजे शैला एकदा विमानात बसली, की बाप आपल्या मुलाला वर्षातून एकदा, रजेत बघणार. शैलाला हे सगळं तिथल्या तिथे, फुलांचा मुकुट डोक्यावर असतानाच उमगलं.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या घरी आली. मी भाऊंशी बोलून पाहिलं होतं. ते म्हणाले होते, “बाई लाजत असेल. माहेरी जायला कुणी नाही म्हणतं का?” हे मी शैलाला सांगितलं. उषानं चहाचा कप खाली ठेवला आणि मला विचारलं, “अहो, तुमच्या त्या लेबर ऑफिसात बायका जातात का?”

“कायद्यानं कुणीही जाऊ शकतं.”

“जातात का, विचारलं मी.”

“मी तरी पाहिली नाही.”

“मग आता बघाल,” असं म्हणून तिनं गाडीची किल्ली घेतली. आमच्या घरात ड्रायव्हिंग लायसन्स तिच्याकडे होतं. मी सहा वेळा नापास होऊन नाद सोडला होता. वाटेत एका टायपिंग सेंटरमध्ये तक्रार अरबीत टाइप करून घेतली, आणि दोघी थेट लेबर ऑफिसात. म्हणजे ज्या तक्रारीला कंपनीतर्फे मला उत्तर द्यायचं होतं, ती माझ्याच बायकोनं नेऊन दिली होती. संध्याकाळी जेवताना आमच्या मुलीनं विचारलं, “सो बाबा, आर यू द बॅड गाय?” मी आमटी वाढून घेतली. “हो, पण पगारी,” उषा म्हणाली.

उषा आता नाही. असती तर इथे तिनं मला थांबवलं असतं आणि लायसन्ससाठी मी सहा नव्हे, सात वेळा नापास झालो हे लिहायला लावलं असतं. तेव्हा सात.

आता लेबर ऑफिसविषयी. नोकरीतला भेदभाव थांबवण्यासाठी काही देशांत स्वतंत्र आयोग असतात, त्यांचे आयुक्त असतात, ते चौकशी करतात. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. जे काही होतं ते कामगार मंत्रालयाचं हे ऑफिस. मी कायद्याचं इंग्रजी भाषांतर पुष्कळदा वाचलं होतं. त्यात ‘भेदभाव’ हा शब्द मला आठवत नाही. बायकांबद्दल मोजकी कलमं होती. सारख्या कामाला सारखा पगार, रात्रपाळीला मनाई, बाळंतपणाची भरपगारी रजा पंचेचाळीस दिवस. शिवाय कामाशी संबंध नसलेल्या कारणावरून कुणाला काढलं, तर ती मनमानी समजली जाई आणि कोर्ट भरपाई द्यायला लावू शके.

ऑफिसचे विभाग वेगवेगळे. एका मजल्यावर परमिटवाले: नवीन माणूस आणायचा तर शिक्का यांचा. दुसरे इन्स्पेक्टर. हे न कळवता येऊ शकत, कुठलंही दार उघडायला लावू शकत, मालकाला बाहेर उभं करून कामगाराशी बोलू शकत. आणि तिसरा तक्रारींचा विभाग, जिथे आम्हाला बोलावलं होतं. तिथे कायदा शिकलेला अधिकारी दोन्ही बाजूंना समोर बसवतो आणि तडजोड घडवायला बघतो. त्याला मुदत दोन आठवड्यांची. नाही जमलं, तर प्रकरण आपल्या टिपणासह कोर्टात पाठवतो. हुकूम काढायचा अधिकार त्याला नाही.

आमच्या वाट्याला आले उस्ताद हसन. वकील, शिक्षक अशा शिकलेल्या माणसांना तिकडे उस्ताद म्हणतात. हे सुदानचे, उंच, हळू बोलणारे. इंग्रजी चांगलं. भाऊंचं इंग्रजी आकड्यांपुरतं, म्हणून दुभाषा मी. भाऊ एका बाजूला, शैला आणि नितीन दुसऱ्या बाजूला. उषा बाहेर बाकावर स्वेटर विणत होती.

“या बाईंच्या कामात काही चूक?” उस्तादांनी सुरुवात केली.

“छे! अशी केमिस्ट शोधून सापडायची नाही,” भाऊ म्हणाले.

“उशिरा येतात?”

“कधीच नाही.”

“मग काढलं का?”

“काढलं कुठे? माहेरी पाठवतोय!”

मी ‘मदर्स हाउस’ असं भाषांतर केलं. उस्तादांनी मान डोलावली. “आई शारजात राहते?”

“नाही. चिपळूणला.”

“हे कुठल्या अमिरातीत येतं?”

मी समजावून सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. भाऊंना वाटलं आपली बाजू पडतेय. त्यांनी पिशवीतून फोटोंचा अल्बम काढला. “साहेबांना हे दाखवा. कोण करतं एवढं नोकराचं?”

उस्तादांनी अल्बम मन लावून पाहिला. झोपाळा, मुकुट, पाच प्रकारची पक्वान्नं. एका फोटोवर ते थांबले. “इथे त्या रडतायत.”

“आनंदाश्रू!” भाऊ म्हणाले.

“नाही भाऊ,” शैला पहिल्यांदाच बोलली. “तेव्हा मी पाकीट उघडलं होतं.”

भाऊंनी अल्बम आपल्याकडे ओढून तो फोटो पुन्हा पाहिला. उस्तादांनी पेन पुन्हा उचललं. मग विचारलं, “कारखान्यात कुणी पुरुष अलीकडे बाप झाला आहे?”

“झालाय की. आमचा शिंदे. गेल्या वर्षी मुलगा झाला.”

“त्याला कुठे पाठवलं?”

“पाठवतोय कशाला? पेढे वाटले, सुपरवायझर केला. जबाबदारी वाढली ना त्याची.”

हे मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मला त्याच कामाचा पगार होता.

“आणि या बाईंची जबाबदारी कमी झाली?” उस्तादांनी विचारलं.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत सांगितलं. त्यांना प्रश्न पहिल्या वेळीच समजला होता, पण त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, “बायकांचं वेगळं असतं.” हे मात्र कुणालाच पटवून सांगण्याच्या सुरात नव्हतं.

उस्तादांनी आपले अधिकार सांगितले. मी हुकूम देऊ शकत नाही. तडजोड करा. नाहीतर माझं टिपण कोर्टात जाईल. बाईंना कोर्टाची फी नाही. तुम्हाला वकील मात्र करावा लागेल.

गाडीत बसताच भाऊंना हुरूप आला. “म्हणजे हा माणूस ऑर्डर काढूच शकत नाही? मग घाबरायचं कशाला? दोन आठवडे गप बसू.”

“कोर्ट आहे ना, भाऊ.”

“कोर्टाला वेळ लागतो. तोवर ती जाईल.”

मला बोलायचं होतं की तक्रार चालू असताना, तिच्या सहीशिवाय, तिचा व्हिसा तुम्ही रद्द करणार कसा? पण ते माझ्यापेक्षा बशीरनं जास्त चांगलं सांगितलं. दोन दिवसांनी तो परमिटच्या खिडकीवरून आला. पुतण्याचा अर्ज तर परत आलाच होता, रमजानच्या मोसमासाठी मागितलेल्या पॅकिंगच्या मुलांची परमिटंही अडकली होती.

“सेठ, सिस्टम में कम्प्लेंट दिखता है. बोलता है, पहले वो खलास करो.”

“अरे, पॅकिंगच्या पोरांचा शैलाशी काय संबंध?”

“फाइल एक है, सेठ.”

त्याच आठवड्यात एक इन्स्पेक्टर येऊन गेला. कुणी पाठवला, की सहज आला, ते कळलं नाही. त्यानं काही उकरून काढलं नाही. पॅकिंगमधल्या बायका रात्री थांबतात का एवढं विचारलं, लिंबाचं लोणचं चाखलं आणि गेला. जाताना म्हणाला, “केमिस्ट मॅडमना सलाम सांगा.” भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, “पेंढारकर, ती खरंच जायचं नाही म्हणते? का वहिनींनी डोक्यात भरवलं?”

“तुम्हीच विचारा.”

“मी? मी कसं विचारू? बाईमाणसाला?”

“तिकीट दिलंत तसंच. समोरासमोर.”

ते उठून लॅबमध्ये गेले. तक्रार केली तरी शैला रोज कामावर येत होती, हे मला तिचं सगळ्यात धीराचं वाटलं. मी दारात थांबलो. भाऊंनी आधी मिरचीची चौकशी केली. मग हळदीची. मग एकदम म्हणाले, “शैला, तुला माहेर नकोय का गं?”

“हवंय, भाऊ. पण मुलाला बापही हवाय. मी गेले तर परत कोण आणणार मला?”

“मी आणलं असतं.”

“त्या पुतण्याला काढून?”

भाऊ हसले. हसू आवरत नाही हे बघून खोकले. “तुझ्या आईला येता येईल इकडे?”

“आईच्या व्हिजिट व्हिसाला स्पॉन्सर लागतो. नितीनला करता येत नाही.”

“कंपनी कशाला आहे मग? यल्ला, चला पेंढारकर, बशीरला बोलवा.”

दुसऱ्या बैठकीला फारसं बोलणं झालं नाही. नोकरी कायम, भरपगारी रजा, त्यापुढे लागेल तेवढी बिनपगारी, आणि जागेवर दुसरा कायमचा माणूस नाही. उस्तादांनी लिहून सह्या घेतल्या. भाऊंनी उत्साहाच्या भरात विचारलं, “बारशाला याल का?” उस्ताद म्हणाले, “इन्शाल्ला. पण पाकीट कुणी देणार असेल, तर आधी मला दाखवा.”

शैलाला मुलगी झाली, शारजातच. आई चिपळूणहून आली, येताना कोकमं आणि डिंकाचे लाडू घेऊन. पहिल्या आठवड्यात तिनं वाळवंटाला नावं ठेवली आणि दुसऱ्या आठवड्यापासून सुपरमार्केटमधून निघेना. रजेच्या काळात लॅब सांभाळायला दुबईच्या एका खासगी लॅबशी करार केला. पुतण्या पुढे सेल्समध्ये आला आणि तिथे खूप चांगला निघाला. मसाल्याची परीक्षा त्याला कधीच जमली नसती.

त्या ऑफिसबद्दल माझं मत असं झालं. त्याला दात नव्हते म्हणणारे खोटं सांगत नव्हते. पण एकाच इमारतीत तक्रार ऐकणारा, दार उघडायला लावणारा आणि शिक्का मारणारा बसत असतील, आणि ते एकमेकांशी बोलत असतील, तर दातांवाचून बरंच भागतं. शैलाला हुकुमाची गरज पडली नाही. शिक्का थोडे दिवस वाळत पडला, तेवढं पुरलं.

पुढच्या वर्षी पॅकिंगमधली ग्रेस ही फिलिपिनो मुलगी गरोदर राहिली. भाऊंनी मला सोबत घेतलं, तिच्यासमोर उभे राहिले आणि विचारलं, “व्हॉट यू वाँट?” तिनं थोडा विचार केला आणि बसून काम करता येईल अशी उंच खुर्ची मागितली.

खुर्ची दुपारच्या आत आली. डोहाळजेवणापेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते, आणि तिच्यासाठी लेबर ऑफिसला जावं लागत नाही.